सॉरीच्या पोटातली दुखरी जागा

गर्दीत चालताना कुणाचा धक्का लागला की तो ‘सॉरी’ म्हणतो. ऐकू आलं नाही की आपण ‘सॉरी?’ म्हणून कान पुढे करतो. कुणाचं बोलणं मध्येच तोडायचं असो, उशिरा पोचून दार ढकलायचं असो, चुकीचा नंबर लागला असो, सगळीकडे हा एकच शब्द पुरतो. इंग्रजी न येणाऱ्यालाही तो येतो. मराठीत तर तो आता परका राहिलेलाच नाही. बोबडं बोलणारं मूलही ‘छॉली’ म्हणून मोकळं होतं. इतक्या वापराने शब्दाचे कंगोरे झिजतात आणि झिजलेल्या शब्दाकडे कुणी निरखून पाहत नाही. मला मात्र हा शब्द सोडवत नाही. त्याच्या पोटात काय काय दडलं आहे ते कळत गेलं तसतशी त्याच्याबद्दलची आस्था वाढत गेली, आणि तो नुसता तोंडदेखला फेकला जाताना पाहून हळहळही वाटत गेली.

जुन्या इंग्रजीत त्याचं रूप होतं ‘सारिग’. ‘सार’ म्हणजे जखम, दुखणं, ठणका. हाच ‘सार’ पुढे ‘सोअर’ झाला. आजही इंग्रजीत घसा ‘सोअर’ होतो, चालून चालून पाय ‘सोअर’ होतात. ‘सारिग’ म्हणजे ज्याला आत कुठेतरी दुखतं आहे असा माणूस. त्या शब्दात चूक नव्हती, माफी नव्हती, समोर कुणी असायलाच हवं अशी अटही नव्हती. तेव्हा ‘आय अ‍ॅम सॉरी’चा मुळातला अर्थ ‘मला दुखतंय’ एवढाच. पुष्कळांना वाटतं की हा शब्द ‘सॉरो’ म्हणजे दुःख या शब्दावरून आला असावा. ते खरं नाही. ‘सॉरो’चं मूळ ‘सोर्ग’ या निराळ्या शब्दात आहे, ज्याचा जर्मन भाऊ ‘झोर्गे’ आज काळजी, चिंता या अर्थाने वापरतात. दोन शब्द वेगवेगळ्या घरांतले, पण आवाजाने आणि अर्थाने इतके जवळ की शेजारी राहून एकमेकांसारखे दिसायला लागले.

‘सार’चा आणखी एक नातेवाईक जर्मन भाषेत आहे: ‘झेअर’. आज त्याचा अर्थ फक्त ‘खूप’. खूप छान, खूप मोठं, खूप उशीर. एकेकाळी तो ‘वेदना होईल इतकं’ असं सांगायचा. आपणही ‘भयंकर आवडलं’ म्हणतो तेव्हा त्यातलं भय कुठे उरलेलं असतं? शब्दांमधून दुखणं असं हळूहळू गळून जातं. कॅनडातले लोक मात्र ‘सॉरी’चा उच्चार ओठ गोल करून ‘सोअरी’सारखा करतात. तो त्यांच्या बोलीचा स्वभाव, मूळ जपण्याचा त्यात काही हेतू नाही. तरी तो उच्चार ऐकला की मला बरं वाटतं. जखम ऐकू येते.

आपल्याकडे ‘दिलगीर’ हा शब्द अगदी याच वाटेने आला आहे. फारसीत ‘दिल’ म्हणजे काळीज आणि ‘गीर’ म्हणजे धरलेलं, पकडलेलं. ज्याचं काळीज कशाने तरी आवळलं गेलं आहे तो दिलगीर. किती नेमका शब्द! आणि आपण त्याचं काय करून ठेवलं? ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ अशी पाटी. त्या पाटीमागे कुणाचंही काळीज आवळलेलं नसतं. स्पॅनिशमध्ये माफी मागताना ‘लो सिएंतो’ म्हणतात, म्हणजे ‘मला ते जाणवतंय’. फ्रेंच माणूस ‘देझोले’ म्हणतो, म्हणजे उजाड, ओसाड झालोय. जर्मन म्हणतो ‘एस टूट मीर लाइट’, ह्याचं मला दुःख होतंय. इतक्या भाषांना चूक कबूल करायची वेळ आली की आधी वेदनेकडे जावंसं वाटलं. नियम मोडला, हिशेब चुकला, अपराध घडला, हे सगळं नंतर. आधी दुखणं.

याउलट ‘अपॉलॉजी’ची वाट पाहा. ग्रीक भाषेत ‘अपोलोगिया’ म्हणजे आरोपाला दिलेलं उत्तर, बचावाचं भाषण. इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्समध्ये सॉक्रेटिसवर खटला चालला. त्याने केलेल्या बचावाचं जे वर्णन प्लेटोने लिहिलं त्याला याच शब्दाने ओळखतात. त्यात सॉक्रेटिस कुणाचीही माफी मागत नाही. मला सोडून दिलंत तरी मी प्रश्न विचारणं थांबवणार नाही, असं तो न्यायसभेला सांगतो. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हाही तो बचावाचाच शब्द होता. खेदाचा अर्थ त्याला ते शतक सरता सरता चिकटला. म्हणजे आज समानार्थी म्हणून वापरले जाणारे हे दोन शब्द दोन टोकांकडून चालत आले. एक जखमेकडून, दुसरा कोर्टाकडून. आणि दोघांनीही आपली जुनी चाल पूर्णपणे सोडलेली नाही, असं मला फार वाटतं.

माझे वडील गेले तेव्हा दूरदेशीच्या एका सहकारिणीने मला दोन ओळी लिहिल्या होत्या. सुरुवात होती, ‘आय अ‍ॅम सो सॉरी’. इंग्रजीची सवय असूनही मी त्या शब्दापाशी क्षणभर अडखळले. हिचा काय संबंध? हिने काय केलं? इंग्रजीत सांत्वन असंच करतात हे डोक्याला ठाऊक होतं, पण दुःखात माणूस आपल्या भाषेत वाचतो, आणि माझ्या मराठीत ‘सॉरी’ हा चूक करणाऱ्याने म्हणायचा शब्द होता. आपण इंग्रजीतून ‘सॉरी’ घेतला तो अर्धाच घेतला. माफीचा अर्धा आला, हळहळीचा अर्धा तिकडेच राहिला. कारण त्या जागेवर आपले शब्द आधीपासून होते: ‘ऐकून फार वाईट वाटलं’, ‘जीव हळहळला’. मराठीत कुणी गेल्यावर ‘सॉरी’ म्हटलं तर अजूनही विचित्र वाटतं, आणि ते तसंच वाटावं. पण त्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. तुझ्या घरात जे दुखतंय ते इथवर पोचलं आहे, एवढंच तिला सांगायचं होतं. हजार वर्षांपूर्वीचा ‘सारिग’ तिने, तिला ठाऊक नसेल, पण अगदी शुद्ध वापरला होता.

इंग्रजी बोलणाऱ्यांनाही या दोन अर्ध्यांचा गोंधळ अधूनमधून होतोच. ‘आय अ‍ॅम सॉरी’ म्हणून सांत्वन करणाऱ्याला ‘पण यात तुझी काय चूक?’ असं उत्तर तिथेही मिळतं. शब्द एक, खोल्या दोन, आणि मधलं दार उघडंच.

त्या उघड्या दाराचा एक गोड पुरावा सापडला, तो सांगायलाच हवा. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, पावसाळी दिवसांत अमेरिकेतल्या एका मोठ्या रेल्वे स्थानकावर एक माणूस अनोळखी लोकांकडे फोन वापरायला मागत होता. काहींना तो सरळ विचारायचा, ‘तुमचा फोन जरा वापरू का?’ काहींना म्हणायचा, ‘पावसाबद्दल सॉरी हं! तुमचा फोन जरा वापरू का?’ सरळ विचारलं तेव्हा शेकडा ९ लोकांनी फोन दिला. पावसाबद्दल सॉरी म्हटलं तेव्हा शेकडा ४७ लोकांनी. पाऊस काही त्याने पाडला नव्हता, हे भिजणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी त्या एका शब्दाने ‘तू भिजतो आहेस हे मला दिसतंय’ असं सांगितलं आणि लोकांनी खिशातला फोन काढून परक्या माणसाच्या हातात ठेवला. हा आकडा वाचून मला जो आनंद झाला तो संशोधन म्हणून कमी आणि त्या शब्दाची नातेवाईक म्हणून जास्त.

बायका फार ‘सॉरी’ म्हणतात, त्यांनी हा शब्द ईमेलमधून काढून टाकावा, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या करीना शूमन आणि मायकेल रॉस यांनी २०१० मध्ये याचा शोध घेतला होता. लोकांनी रोजच्या रोज ठेवलेल्या नोंदी पाहिल्यावर बायका जास्त वेळा माफी मागतात हे खरं निघालं. पण आपल्या हातून दुसऱ्याला त्रास झाला, असंही बायकांनी जास्त वेळा नोंदवलं होतं. त्रास झाला असं वाटलेल्या प्रसंगांपैकी किती ठिकाणी माफी मागितली हे पाहिलं, तर पुरुष आणि बायका सारखेच. फरक माफी मागण्याच्या तयारीत नव्हता, दुसऱ्याला लागलं हे दिसण्यात होता. मग त्या सल्ल्याचा अर्थ काय उरतो? जे दिसतं ते दिसत नाही असं वागा? जिथे शब्द नुसता दबून जाण्यापोटी येतो तिथे तो जावा, यात मला शंका नाही. पण सरसकट गाळायला सांगणं मला मुळीच पटत नाही.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत बोलण्याने ‘घडणाऱ्या’ गोष्टींचा विचार मांडला. काही वाक्यं जगाचं वर्णन करतात; काही वाक्यं उच्चारली की त्याच क्षणी एक कृती होते. ‘मी वचन देतो’ म्हटलं की वचन दिलं गेलं. त्यांनी एक छोटी वर्गवारी केली होती. ‘आय अपॉलॉजाइज’ ही कृती: म्हटलं की माफी मागून झाली. ‘आय रिपेंट’ हे मनाचं वर्णन: पश्चात्ताप होतोय, असं नुसतं सांगणं. आणि ‘आय अ‍ॅम सॉरी’ या दोहोंच्या मध्ये, अर्धं कृत्य आणि अर्धं वर्णन. माझ्या मते या शब्दाबद्दलचं हे सगळ्यात नेमकं निरीक्षण आहे. ‘सॉरी’ म्हणणारा माणूस काहीतरी करतोय की स्वतःबद्दल काहीतरी सांगतोय, हे वाक्यावरून कळत नाही. ते त्याच्या चेहऱ्यावरून, पुढच्या वाक्यावरून, दुसऱ्या दिवशीच्या वागण्यावरून कळतं.

ही मधली जागा किती मोठी असू शकते ते एका पत्रात दिसलं होतं. १ एप्रिल २००१ रोजी चीनच्या हायनान बेटाजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान आकाशात एकमेकांवर आदळले. चिनी वैमानिक वांग वेई बेपत्ता झाला. अमेरिकी विमान कसंबसं हायनानच्या तळावर उतरलं आणि त्यातले २४ जण चीनच्या ताब्यात गेले. चीनची मागणी होती पूर्ण माफीची, ज्यात दोष पत्करलेला असेल. अमेरिका म्हणत होती, आमची चूकच नाही तर माफी कसली? अकरा दिवस दोन महासत्ता शब्दकोश उघडून बसल्या. शेवटी अमेरिकी राजदूतांनी पत्र दिलं. त्यात दोन ठिकाणी ‘व्हेरी सॉरी’ होतं: एकदा वैमानिकाच्या कुटुंबाचं नुकसान झालं म्हणून, आणि एकदा विमान तोंडी परवानगीशिवाय चीनच्या हद्दीत शिरून उतरलं म्हणून. चीनने आपल्या लोकांना ते वाचून दाखवताना ‘मनापासून क्षमायाचना’ या अर्थाची चिनी शब्दयोजना वापरली. अमेरिकेने आपल्या लोकांना सांगितलं की आम्ही खेद दाखवला, माफी मागितलेली नाही. दोघांनीही तोच शब्द घेतला, एकाने एका खोलीतून आणि दुसऱ्याने दुसऱ्या. माणसं सुटून घरी गेली. मुत्सद्देगिरी म्हणून हे कौशल्याचं काम, त्याबद्दल आदर आहे. फक्त एक गोष्ट डाचते. त्या पत्रातली एकच हळहळ अशी होती जिला कोणताही हिशेब नको होता, ती वांग वेईच्या घरच्यांसाठीची. आणि तीही सौद्याच्या कागदावर लिहावी लागली.

या शब्दावर एक अख्खा देश दहा वर्षं झगडला, ती गोष्ट मला सगळ्यात जवळची आहे. ऑस्ट्रेलियातले आदिवासी समाज जे इंग्रजी बोलतात त्यात ‘सॉरी बिझनेस’ असा शब्दप्रयोग आहे. कुणी वारलं की जे काही करायचं असतं ते सगळं म्हणजे ‘सॉरी बिझनेस’: दूरदूरच्या नातेवाइकांनी जमणं, एकत्र राहणं, विधी, शोक. पुष्कळ समाजांत त्या काळात गेलेल्या माणसाचं नावही उच्चारत नाहीत. म्हणजे त्यांच्या तोंडी ‘सॉरी’ हा शब्द सुतकाचा आहे, सगळ्यांनी मिळून रडण्याचा आहे. इंग्रजी वसाहतीबरोबर आलेला शब्द त्यांनी घेतला आणि त्याला त्याच्या सगळ्यात जुन्या अर्थाजवळ नेऊन ठेवलं.

याच लोकांची मुलं साधारण १९१० ते १९७० या काळात सरकारी धोरणानुसार त्यांच्यापासून तोडली गेली. मिशनमध्ये, संस्थांमध्ये, गोऱ्या कुटुंबांत वाढवली गेली. भाषा गेली, घर गेलं, आईचा चेहरा गेला. १९९७ मध्ये तिथल्या मानवी हक्क आयोगाच्या चौकशीचा अहवाल आला. त्याच्या अंदाजानुसार त्या काळात दर दहांपैकी एक ते दर तिनांपैकी एक इतक्या प्रमाणात आदिवासी मुलं अशी नेली गेली होती. अहवालाने ज्या शिफारशी केल्या त्यात एक होती, सरकारने अधिकृत माफी मागावी. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी नकार दिला. मागच्या पिढ्यांच्या कृत्यांसाठी आजच्या पिढीने अपराध पत्करू नये, असं त्यांचं म्हणणं. ऑगस्ट १९९९ मध्ये त्यांनी संसदेत ठराव मांडला, त्यात ‘खोल आणि प्रामाणिक खेद’ होता. ‘सॉरी’ नव्हतं.

तोवर तो शब्द लोकांनी हातात घेतला होता. २६ मे १९९८ रोजी पहिला ‘सॉरी डे’ पाळला गेला. जागोजाग ‘सॉरी बुक्स’ ठेवली गेली आणि हजारो माणसांनी त्यात आपापल्या अक्षरात लिहिलं. २८ मे २००० रोजी सिडनीच्या हार्बर पुलावरून सुमारे अडीच लाख लोक चालत गेले, आणि वर आकाशात एका विमानाने धुराने तो एकच शब्द लिहिला. अखेर १३ फेब्रुवारी २००८ रोजी नवे पंतप्रधान केव्हिन रड संसदेत उभे राहिले. ज्यांची आयुष्यं तोडली गेली ती म्हातारी माणसं प्रेक्षागारात बसली होती. रड यांनी वाचलं: या पिढ्यांच्या, त्यांच्या वंशजांच्या आणि मागे राहिलेल्या कुटुंबांच्या वेदनेबद्दल आम्ही सॉरी म्हणतो. आयांना, वडिलांना, भावांना, बहिणींना, कुटुंबं मोडल्याबद्दल आम्ही सॉरी म्हणतो. एका स्वाभिमानी लोकांच्या आणि त्यांच्या संस्कृतीच्या अपमानाबद्दल आम्ही सॉरी म्हणतो.

‘अपॉलॉजाइज’ हा शब्दही त्या भाषणात आहे. पण टाहो फोडून मागितला गेला होता तो ‘सॉरी’. मला नेहमी वाटतं की दोन्ही बाजू दहा वर्षं दोन निराळ्या शब्दांवर बोलत होत्या. सरकारच्या कानांना ‘सॉरी’मध्ये कोर्ट ऐकू येत होतं: दोष, जबाबदारी, भरपाईचे दावे. ज्यांची मुलं नेली त्यांच्या कानांना सुतक ऐकू येत होतं. आमच्या घरातल्या शोकाला या, आमच्याबरोबर जमिनीवर बसा. ‘सॉरी’ न म्हणणाऱ्याने नुसती माफी नाकारली नाही, तो दुखवट्याला आलाच नाही. अर्थात भरपाईचा प्रश्न खोटा नव्हता. २००८ च्या माफीबरोबर पैसे आले नाहीत, आणि त्याबद्दल झालेली टीका रास्त होती. टास्मानिया राज्याने त्याआधीच, २००६ मध्ये, भरपाईचा कायदा केला होता. दोन्ही गोष्टी एकत्र जमतात, याचा तो धडधडीत पुरावा होता.

कोर्टाच्या भीतीने माणसं कशी मुकी होतात याची एक गोष्ट मॅसॅच्युसेट्समध्ये घडली. तिथल्या एका लोकप्रतिनिधीची मुलगी सायकलवरून जाताना गाडीच्या धडकेने गेली. गाडी चालवणारा माणूस कधी सॉरी म्हणाला नाही. म्हटलं तर ते कोर्टात अपराधाची कबुली म्हणून वापरलं जाईल, ही भीती. त्या बापाला हे सहन झालं नाही. त्याच्या आग्रहातून १९८६ मध्ये तिथे कायदा झाला की अपघातानंतर दाखवलेली सहानुभूती कबुली म्हणून पुढे आणता येणार नाही. अमेरिकेतला अशा प्रकारचा तो पहिला कायदा. नंतर अनेक राज्यांनी तसे कायदे केले. ब्रिटनने २००६ च्या कायद्यात लिहिलं की माफी मागितली म्हणजे आपोआप निष्काळजीपणा मान्य केला असं होत नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने २००६ मध्ये आणि ऑन्टारिओने २००९ मध्ये खास माफीचेच कायदे केले.

गंमत अशी की अमेरिकेतल्या बहुतेक कायद्यांनी शब्द पुन्हा मधोमध चिरला. ‘तुम्हाला त्रास झाला, फार वाईट वाटतं’ एवढ्याला संरक्षण. ‘माझी चूक झाली’ याला नाही. सारिगचा अर्धा सुरक्षित, अपॉलॉजीचा अर्धा पुराव्यात. ओहायोच्या कायद्यात ‘अपॉलॉजी’ हा शब्दच होता, तेव्हा तो चूक कबूल करण्यालाही लागू होतो का, हा प्रश्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की होतो. डॉक्टरने आपली चूक मान्य करून माफी मागितली तरी ते विधान त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही. शब्दाच्या दोन खोल्यांमधलं दार कोर्टाने निदान एका राज्यात उघडं ठेवलं.

रुग्णालयांत या शब्दाची किंमत फार मोठी असते. मिशिगन विद्यापीठाच्या आरोग्यसेवेने २००१ पासून वेगळी वाट धरली: चूक झाली असेल तर आपणहून सांगायचं, माफी मागायची, भरपाई द्यायची आणि चूक का झाली ते शोधायचं. वकिलांचा जुना सल्ला याच्या बरोबर उलट होता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात दिसलं की दर लाख रुग्णभेटींमागे महिन्याला येणारे नवे दावे सुमारे ७ वरून साडेचारवर आले आणि खटले २.१३ वरून ०.७५ वर. याचं सगळं श्रेय माफीला देता येत नाही, इतर ठिकाणीही त्या काळात दावे घटत होते. पण खरं बोलल्यावर आभाळ कोसळेल ही जी भीती होती, ती त्या आकड्यांत कुठेही दिसत नाही.

आता शेपटाबद्दल. ‘सॉरी’ एकटा येतो तेव्हा तो निरुपद्रवी असतो. त्याचं खरं रूप पुढच्या शब्दावर ठरतं. ‘सॉरी, बट’ आला की समजावं, बचावाचं भाषण सुरू झालं, सॉक्रेटिसचं धैर्य वजा करून. ‘सॉरी, इफ यू वेअर हर्ट’ तर त्याहून वाईट. तुला लागलं असेल तर. म्हणजे लागलं की नाही हेच अजून संशयात, आणि लागलं असलंच तर ते तुझ्या हळवेपणामुळे. सार्वजनिक माफीनाम्यांत हा ‘इफ’ इतका पसरलाय की तो दिसला की मी पुढे वाचतच नाही. जखम दिसत नसेल तर हा शब्द उच्चारायचं कारणच काय?

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या रॉय लेविकी यांनी २०१६ मध्ये माफीचे सहा घटक घेऊन लोकांना कशाने समाधान वाटतं ते तपासलं. खेद व्यक्त करणं, कारण सांगणं, जबाबदारी मान्य करणं, पश्चात्ताप, भरून देण्याची तयारी आणि क्षमेची याचना. सगळ्यांत वजनदार ठरली जबाबदारी मान्य करणं, त्याखालोखाल भरून देण्याची तयारी. सगळ्यांत हलकी ठरली क्षमेची याचना. हे वाचून मी आपल्या शब्दांकडे वळले. ‘माफ कर’, ‘क्षमा करा’, ‘क्षमस्व’: तिन्ही आज्ञार्थी. ज्याला लागलं आहे त्यालाच आपण आणखी एक काम सांगतो, आता मला माफही कर. ‘सॉरी’ असं काही मागत नाही. तो आपल्यापुरतं सांगतो आणि थांबतो, समोरच्याला माफ करायचं की नाही याची मोकळीक ठेवतो. या गुणासाठी मी तो मराठीत आनंदाने ठेवून घेईन.

पण जबाबदारीचं वजन उचलायला तो एकटा पुरत नाही, तिथे मराठी क्रियापद लागतं. आणि आपली क्रियापदं फार बोलकी आहेत. ‘चूक झाली’ यात कर्ता गायब. चूक जणू वाऱ्याने झाली. ‘माझ्याकडून चुकलं’ यात माणूस आला, पण वाटेतला टप्पा म्हणून. ‘चुकलं माझं’ हे बरंच जवळचं, त्यात ओलावा आहे. आणि ‘मी चुकले’ यात लपायला जागाच नाही. मुलांना आपण ‘सॉरी म्हण’ एवढंच शिकवतो, ते म्हणतात आणि पळतात. त्याऐवजी ‘तू काय केलंस ते सांग आणि मग सॉरी म्हण’ एवढं जरी म्हटलं तरी मूल थांबतं, समोरच्याकडे बघतं, शब्द शोधतं. ‘तुझं चित्र मी फाडलं. सॉरी.’ कर्ता जागेवर, कर्म जागेवर, क्रियापद स्पष्ट, आणि त्यानंतर तो शब्द. मोठ्यांनाही हाच क्रम चालेल.